चार घोड्यांचा चढ

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या मैदानावर हळू सायकलची शर्यत पाहिली नाही असा मराठी माणूस विरळा. चुन्याने आखलेले पट्टे, रांगेत आठ-दहा पोरं आणि सगळा उलटा नियम: जो शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. शिट्टी वाजते आणि सायकली जवळजवळ जागच्या जागी उभ्या राहतात. हँडल डावीकडे वळतं, उजवीकडे वळतं, मनगटं थरथरतात. मग एकेकाचा पाय टेकत जातो. शेवटी एकच पोरगा उरतो, आणि वाऱ्याच्या वेगाने सायकल मारणारा तो क्वचितच असतो.

आता त्या सायकलीच्या जागी सव्वादोनशे किलोची मोटरसायकल ठेवा. सपाट मैदानाच्या जागी ओल्या, सुट्या दगडांची, अंगावर येणारी चढण. महिना जानेवारीचा, वेळ पहाटेची, आणि स्वार रात्रभर शंभरेक मैल गाडी हाकून तिथे पोचलेला. इंग्लंडमध्ये हा खेळ शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. त्याचं नाव लाँग डिस्टन्स ट्रायल. त्यात वेगाला बक्षीस नाही, पहिला नंबर नाही, कुणाला मागे टाकायचं नाही. समोर डोंगर आहे आणि त्यावर न थांबता चढायचं आहे. मला या खेळाचा जो अचंबा वाटतो तो इथूनच सुरू होतो: इतकं सामर्थ्य असलेलं यंत्र घेऊन माणसं माणसाच्या चालीने जायला शिकतात, आणि ते पळवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

असा खेळ निघाला कशातून? सरळ कायद्यातून. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने वेगाची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर ठरवली, आणि तीही आधीच्या १४ मैलांवरून वाढवून. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं शक्यच नव्हतं. ज्यांना शर्यतीच हव्या होत्या ते समुद्र ओलांडून आयल ऑफ मॅन बेटावर गेले. तिथली टीटी शर्यत १९०७ पासूनची. मागे राहिलेल्यांनी दुसरा प्रश्न धरला: गाडी पळते किती ते राहू द्या, ती ठरल्या वेळेत, न थांबता पोचते का? त्या काळात पोचणं हाच पराक्रम होता. चाक फिरवणारा पट्टा तुटायचा, टायर फाटायचं, चढावर इंजिन दमायचं. १९०० साली ६५ वाहनं ब्रिटनभर हजार मैलांच्या फेरीला निघाली, तिच्या नावातच ‘ट्रायल’ होतं. ट्रायल म्हणजे परीक्षा. १९०१ मध्ये लंडनला मोटर सायकलिंग क्लब स्थापन झाला आणि त्याच्या तीन परीक्षा ठरून गेल्या: १९०४ पासून एडिंबरा, १९०८ पासून इंग्लंडच्या नैऋत्य टोकाची लँड्स एंड, १९१० पासून एक्सेटर. युद्धांचे आणि साथींचे खंड सोडले तर या तिन्ही ट्रायल आजही होतात. एडिंबरा ट्रायल आता एडिंबराला जात नाही, ती डर्बीशायरच्या डोंगरांत होते. नाव मात्र कुणी बदललेलं नाही. असं जुनं नाव जपणारी माणसं मला आपली वाटतात.

रात्र कशी जाते ते सांगतो. स्वार एकेक करून, मिनिटामिनिटाच्या अंतराने निघतात. हाताशी मार्गाचा कागद: इतक्या मैलांवर डावीकडे, पुढच्या तिठ्यावर उजवीकडे. बराचसा रस्ता साधा, डांबरी. त्यावर वाहतुकीचे सगळे नियम पाळायचे असतात आणि गाडीला नंबर प्लेट, दिवे, विमा, सायलेन्सर सगळं लागतं. म्हणजे गाडी तीच, जिच्यावरून माणूस सोमवारी कामाला जातो. मधेच कागदावर एक नाव येतं आणि गाडी मुख्य रस्ता सोडून गल्लीसारख्या चिंचोळ्या वाटेला लागते. दोन्ही बाजूंना झुडपांचे उंच बांध, मधून वर जाणारी दगडमातीची चढण. सुरुवातीला एक पाटी, संपते तिथे दुसरी. मध्ये हातात वही घेतलेले निरीक्षक उभे असतात, तेही सगळे हौशी, बिनपैशाचे. या टप्प्याला सेक्शन म्हणतात. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत गाडी पुढे सरकत राहिली पाहिजे. थांबला तो संपला, ही म्हण इथे अक्षरशः नियम आहे.

काही चढांवर मात्र मुद्दाम थांबवतात. भर चढणीवर आखलेल्या चौकोनात गाडी उभी करायची आणि खूण होताच मागे न घसरता पुन्हा निघायचं. माझ्या मते हा सगळ्या खेळातला सर्वांत कठीण क्षण. आलेला वेग संपलेला असतो, चाकाखाली ओला दगड असतो, आणि आधीच्या वीस जणांनी तो दगड घासून गुळगुळीत केलेला असतो.

बक्षिसाची रीत तर फारच सुंदर आहे. सगळे चढ निर्दोष चढलात तर सुवर्ण. एखादा चुकला तर रौप्य, दोन चुकले तर कांस्य. सुवर्ण मिळवणारे पाच असोत वा पन्नास, सगळ्यांना तेच. दुसऱ्याच्या अपयशाने माझं काही वाढत नाही, म्हणून वर पोचलेला माणूस पुढच्याला सांगतो, ‘डावी कड धर, उजवीकडे खडक उघडा पडलाय.’ आणि तिन्ही ट्रायल एकाच हंगामात निर्दोष पार करणाऱ्याचा मान वेगळाच.

आता चढ किती असतो? बोरघाटात रेल्वे चढते ती ३७ फुटांमागे १ फूट, आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. डेव्हनमधला सिम्स हिल, एक्समूरच्या कडेचा बेगर्स रूस्ट, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कथिलाच्या खाणीतला ब्लू हिल्स ही या ट्रायलमधली गाजलेली नावं. असल्या चढांवर तीन-चार फुटांमागे १ फूट असा हिशेब येतो. पायी चढतानाही माणूस गुडघ्यावर हात ठेवतो.

एवढ्या चढाला किती ताकद लागत असेल? मी पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा उत्तर चुकलं असं वाटून पुन्हा मांडला. गाडी आणि स्वार मिळून ३१० किलो धरा, तीन फुटांमागे १ फूट चढ, वेग ताशी १० किलोमीटर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हे वजन वर न्यायला साधारण साडेतीन ते चार अश्वशक्ती लागतात. बस, चार घोडे! खडबडीत वाटेसाठी थोडे आणखी धरा. १९०७ च्या सुमाराच्या ट्रायम्फ मोटरसायकलवर साडेतीन अश्वशक्ती असंच लिहिलेलं असे. गिअर नाहीत, चामड्याचा पट्टा, तरी त्या गाड्या डोंगरांना भिडल्या. मोठ्या गाडीत पन्नास, शंभर घोडे असतात. मग उरलेले घोडे काय करतात? मागचं चाक जागच्या जागी फिरवतात.

चाक दगडावर चिकटून गोल फिरत असतं तोवर त्याची पकड सर्वांत जास्त असते. एकदा ते घसरून भणभणायला लागलं की पकड कमी होते, आणि रेस वाढवाल तशी आणखी घसरते. म्हणून मोठ्या गाडीवर चढ चढणं म्हणजे जास्तीचे घोडे दारात बांधून ठेवणं. रेस एकसारखी, बारीक. ताकद द्यायची ती हाफ क्लचने, दोन बोटांनी, भाजी चिरताना सुरीवर जेवढा दाब असतो तेवढ्याच अंदाजाने. मोठ्या इंजिनाची खरी देणगी इथे कळते: खालच्या फेऱ्यांवरसुद्धा ते मरत नाही, ठक ठक करत ओढत राहतं.

दुसरं नवल टायरमध्ये आहे. टायरवाल्याकडे आपण ‘पुढे पंचवीस, मागे पस्तीस’ असं सांगतो आणि विसरून जातो. पण मागच्या चाकावर १८० किलो भार असेल आणि हवा ३६ पीएसआय असेल, तर टायर जमिनीला टेकतं ते ढोबळमानाने ७२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढं. हवा निम्मी करा, टेकलेली जागा दुपटीजवळ जाते. टायर मऊ पडून दगडाला कवेत घेतं. काही न जोडता, एक पैसा न खर्चता, व्हॉल्व्हमधून थोडी हवा सोडल्याने गाडी वेगळीच होते. तीनचाकी आणि मोटारगाड्याही याच ट्रायलमध्ये असतात. त्यातले सोबती आणखी एक युक्ती करतात: चढावर चाक सुटायला लागलं की बसल्या जागी वरखाली उड्या मारतात, म्हणजे प्रत्येक उडीला मागची चाकं जमिनीत दाबली जातात. एवढ्या यंत्रयुगात माणसाच्या बुडाचा असा उपयोग!

तिसरं नवल तोलाचं. हातावर पेन्सिल उभी धरून पाहा, मग लांब काठी धरा. काठी सोपी जाते, कारण उंच वस्तू सावकाश पडते. पडण्याच्या वेगाचा वजनाशी संबंध नाही. म्हणजे २३० किलोची गाडी ७० किलोच्या खास ट्रायलच्या गाडीपेक्षा लवकर पडत नाही. मग भीती कशाची? धरण्याची. ती मोठी गाडी ५ अंश कलली तर हँडलपाशी साधारण ११ किलोचा जोर लावून सावरता येते. २० अंश कलली की चाळीस किलोंच्या वर जोर लागतो, आणि खाली पाय निसरड्या दगडावर असतो. लहान गाडी चुकल्यावर सावरता येते. मोठी गाडी चूक होण्याआधी सावरावी लागते. ती पडायला निघते त्या बाजूला हँडल किंचित वळवून चाकं तिच्याखाली आणायची. हळू सायकलवाला पोरगा हेच करत असतो.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने डोंगराकडे धावू नये. रिकामं मैदान, चार विटा, आणि पहिल्या गिअरमध्ये पूर्ण हँडल वळवून आठचा आकडा. नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही, जिथे जायचं तिथे ठेवायची. फूटरेस्टवर उभं राहायला शिकायचं, म्हणजे गाडी खाली डुलते आणि अंग वर स्थिर राहतं. मागचा ब्रेक आणि हाफ क्लच एकदम वापरून मुंगीच्या पावलाने जायचं. हे जमलं की लहानशी चढण. आणि चढणीवर गाडी बंद पडली तर काय करायचं हे आधी शिकायचं, चढायला नंतर. हात आपोआप पुढच्या ब्रेककडे जातो, पण चढावर भार मागे गेलेला असतो, पुढचं चाक हलकं असतं, ते जाम होऊनही गाडी मागे घसरते. गाडी गिअरमध्येच ठेवून क्लच सोडून द्यायचा. बंद इंजिन मागचं चाक धरून ठेवतं. मग घाई नाही. गाडी आडवी झालीच तर सीटला पाठ लावून, हँडल आणि कॅरिअर धरून, पायांच्या जोराने उचलायची. कमरेने उचलणाऱ्याची कमर जाते.

जिथे असे क्लब आहेत तिथे आणखी एक उत्तम वाट आहे: आधी निरीक्षक म्हणून उभं राहायचं. एका चढावर शे-दीडशे स्वार पाहिले की कोण कुठे का थांबलं ते डोळ्यांत बसतं. नवख्यांसाठी सोप्या चढांचा वेगळा वर्गही असतो.

आणि ज्यांच्या दारात बुलेट उभी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलला रॉयल एनफील्डने नवी बुलेट उतरवली, मागच्या चाकाला झुलत्या आर्मचं सस्पेन्शन असलेली. चढावर पकड हवी तर मागचं चाक कडक बसवलेलंच बरं, असं तेव्हा सगळे मानत. चाक जमिनीचा उंचसखलपणा पाळत राहिलं तर पकड उलट वाढते, हे त्या गाडीने दाखवलं. त्याच वर्षी इटलीत सान रेमोच्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये जिंकलेल्या ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल एनफील्डवरच जिंकली. मधल्या काळात, १९५५ मध्ये, मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली आणि तीच बुलेट आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. पुढे १९६५ मध्ये सॅमी मिलरने हलक्या स्पॅनिश बुल्टाकोवर स्कॉटलंडची तीच ट्रायल जिंकली. तेव्हापासून खास ट्रायलच्या गाड्या हलक्या होत गेल्या, त्यांची सीटसुद्धा गेली. मोठी, रस्त्यावरची गाडी टिकून राहिली ती लांब पल्ल्याच्या ट्रायलमध्ये.

तेव्हा रविवारी सकाळी परवानगी घेऊन एखादं मोकळं मैदान गाठा. हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट आणि सोबत एक माणूस. मागच्या टायरची थोडी हवा सोडा, पहिला गिअर टाका आणि पाय न टेकता किती हळू जाता येतं ते पाहा. घरी परतताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरून घ्या.