राचोलचं गुरुकुल

गोव्याच्या सासष्टी तालुक्यात जुवारी नदीच्या डाव्या तीरावर राचोल नावाचं लहानसं गाव आहे. एके काळी इथे किल्ला होता. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने तो आदिलशहाकडून घेऊन १५२० मध्ये पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्या किल्ल्याची वेस अजून उभी आहे. ती ओलांडून वर गेलं की टेकडीवर सेमिनरीची भव्य इमारत आणि तिला लागूनच संत इग्नेशियसचं चर्च दिसतं. गोव्यातले ख्रिस्ती धर्मगुरू पिढ्यान्‌पिढ्या इथे घडत आले. पण या वास्तूचं नाव मराठी माणसाने घ्यावं, त्याला आणखी एक कारण आहे.

जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या धर्मगुरूंनी आपलं कॉलेज आधी मडगावात काढलं होतं. आदिलशाही फौजेच्या हल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं, तेव्हा त्यांनी किल्ल्याचा आसरा घेतला. आजच्या इमारतीची कोनशिला १ नोव्हेंबर १६०६ रोजी बसवली गेली. इथेच छापखाना आला आणि १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. स्टीफन्स मूळचा इंग्लंडचा, १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला. बायबलची कथा सांगायला त्याने आपल्या संतांची ओवी निवडली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. हे नुसतं धर्मप्रचाराचं साधन असतं तर कधीच विसरलं गेलं असतं. ते टिकलं ते भाषेवरच्या प्रेमामुळे.

ग्रंथ मराठी, पण अक्षरं रोमन. स्टीफन्सला ही उणीव सलत होती. १६०८ मध्ये त्याने रोमला वरिष्ठांना लिहून इथल्या लिपीत छापण्याची परवानगी मागितली. अडचणही त्यानेच सांगितली : रोमन लिपीचं काम चोवीस साच्यांत भागतं, इथे सहाशेच्या आसपास लागतील. ते साचे काही झाले नाहीत. मग राचोलचे जुळारी 'श'साठी एक्स लावत, आणि ट, ड, ण यांसाठी अक्षर दोनदा जोडत. १६४० मध्ये स्टीफन्सचं कोकणी व्याकरणही इथेच छापलं गेलं, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी.

पुढे वारं फिरलं. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांना तीन वर्षांत देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. ज्या राजवटीच्या छत्राखाली ओव्या छापल्या गेल्या, तिनेच भाषेवर घाला घातला. याला अन्यायच म्हटलं पाहिजे.

१७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि १७६२ पासून राचोल धर्मप्रांताची सेमिनरी झाली. सासष्टीतल्या चर्चेसचा कारभार गोमंतकीय पाद्रींच्या हाती आला. मानाच्या जागा मात्र गोऱ्यांसाठीच राखीव. ही खदखद पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या कटात बाहेर पडली. त्यात पाद्रीच पुढे होते आणि त्यांना जबर शिक्षा भोगाव्या लागल्या. गोव्याच्या आर्चबिशपपदी पहिला गोमंतकीय, राउल गोन्साल्विस, बसायला १९७८ उजाडावं लागलं.

राचोलच्या विद्यार्थ्यांत मला सर्वांत मोठे वाटतात ते मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद. आसगावचे हे धर्मगुरू. ज्या कोकणी भाषेवर बंदी आली होती तिचा कोश त्यांनी १८९३ मध्ये मुंबईत छापला, शिवाय हितोपदेश पोर्तुगीजमध्ये नेला. राचोलच्याच परंपरेतले दुसरे म्हणजे पाद्री आग्नेल. ते राचोलला विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते आणि १९२७ मध्ये इथेच वारले. त्यांच्या समाधीला पिलारला आजही सर्व धर्मांची माणसं जातात.

'क्रिस्तपुराणा'च्या राचोल काळात तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांमुळे ग्रंथ टिकला. १९०७ मध्ये मंगळूरला तो रोमन लिपीत निघाला, १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणला. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आपण जपतो, त्याच कपाटात या ग्रंथालाही जागा द्या. निदान सुरुवातीच्या शंभर ओव्या मोठ्याने वाचून पाहा.