पातळ शिलारस, घट्ट शिलारस

भिलाईच्या सिविक सेंटरपासून देशातला एकमेव जागता ज्वालामुखी, अंदमानातले बॅरन बेट, फार लांब आहे. तरी दुर्गहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग ज्वालामुखींच्या दोन अगदी निराळ्या स्वभावांना जोडतो. डोंगरगड-गोंदियाच्या टापूत ‘बिजली रायोलाइट’ हा दोनशे कोटी वर्षांहून जुना खडक आहे. त्यात तापलेल्या राखेचे कण एकमेकांना चिकटून झालेले थर सापडतात, म्हणजे तिथे उद्रेक स्फोटक होते. नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला मात्र काळा बेसॉल्ट सुरू होतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा तो दख्खनचा लाव्हा जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरत गेला. धुळे-नंदुरबारकडे त्या भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या भिंती आजही उभ्या आहेत. एक ज्वालामुखी फुटतो आणि दुसरा वाहतो, याचे कारण बहुतेकांना उष्णतेत दिसते: जास्त तापलेला तो जास्त भयंकर. पुरावा याच्या उलट आहे. बेसॉल्टचा लाव्हा 1100 ते 1200 अंश सेल्सियसला वाहतो, तर रायोलाइटचा साधारण 700 ते 900 अंशांना. दोघांत थंड तोच अधिक स्फोटक. तेव्हा उद्रेकाचा स्वभाव ठरतो तो शिलारसात सिलिका किती आहे आणि वायू किती विरघळले आहेत यावरून.

सिलिकाचा हा प्रभाव भिलाईइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. 1959 साली इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. भट्टीत लोहखनिजासोबत चुनखडी लागते, आणि ती जवळच्या नंदिनीच्या खाणीतून येत आली आहे. खनिजाबरोबर येणारी सिलिका वितळली की तिचे अणू एकमेकांत गुंतून साखळ्या करतात आणि रस चिकट होतो. चुन्यामुळे त्या साखळ्या तुटतात, हा रस, म्हणजे स्लॅग, पातळ होतो आणि लोखंडावर तरंगून भट्टीबाहेर वाहतो. निसर्गात हेच काम कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह करतात. बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास आणि हे धातू भरपूर, म्हणून तो पातळ. रायोलाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर आणि हे धातू थोडे. त्यात तापमानही कमी, म्हणून तो अतिशय घट्ट. दख्खनचा लाव्हा किती पातळ असावा, याचा अंदाज पूर्व किनाऱ्याजवळच्या राजमहेंद्रीवरून येतो. तिथला बेसॉल्ट पश्चिमेकडून सुमारे हजार किलोमीटर वाहत आला असावा, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात.

पण नुसता घट्टपणा स्फोट घडवत नाही. त्यासाठी वायू लागतो. खोलवरच्या दाबाखाली पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शिलारसात विरघळलेले असतात. शिलारस वर सरकला की दाब उतरतो आणि बुडबुडे धरू लागतात. पातळ रसातून ते सहज निसटतात. घट्ट रसात मात्र ते अडकून फुगत राहतात, आणि शेवटी रसाचाच चुरा होऊन राख आकाशात जाते. मुळात शिलारस तयार होण्यातही दाबाचाच हात असतो. जमिनीखाली सगळीकडे लाव्हाचा समुद्र आहे, ही समजूत चुकीची आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, तरी त्या कवचाखालच्या प्रावरणातून जातात. म्हणजे प्रावरण घनच आहे. त्यातला तप्त खडक वर चढतो तेव्हा दाब घटल्याने थोडासा वितळतो. दख्खनखाली हेच झाले असे मानले जाते. बॅरन बेटाखाली मात्र एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो आणि त्याच्यातले पाणी वरच्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बॅरन बेटाचा लाव्हाही प्रामुख्याने बेसॉल्टचाच, मग दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून 1991 साली जागे झाल्यावर ते राख आणि निखारे का उडवते? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एकट्या सिलिकेवर भागत नाही. भूपट्टाबरोबर खाली गेलेल्या पाण्यामुळे तिथल्या शिलारसात वाफ जास्त असते. पातळ रसातही वायू पुरेसा असला तर तो उसळतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: वाहणारा ज्वालामुखी सौम्य, असे म्हणणे धोक्याचे नाही का? आहे. 1783 साली आइसलँडमध्ये लाकीच्या भेगेतून बेसॉल्टच वाहिला. पण त्यासोबत निघालेल्या गंधकाच्या आणि फ्लोरिनच्या वायूंनी गवत आणि गुरे संपवली, आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या मेली. दख्खनचा लाव्हा त्याच्या कितीतरी पट. तो आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. डायनासोर नाहीसे झाले तो काळही हाच, आणि मेक्सिकोत चिक्शुलुबला मोठी उल्का आदळली तीही तेव्हाच. दोषाचा मोठा वाटा उल्केकडे जातो, असे बहुतेकांचे मत आहे. दख्खनच्या वायूंचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. त्याचा निकाल लाव्हा किती साचला यावरून लागणार नाही. वायू किती वेगाने बाहेर पडले, हे कळायला हवे. म्हणून सह्याद्रीतल्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीतून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचून, त्यांतल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून त्या थरांची वये ठरवली जात आहेत.