ताकाला जाऊन हिरड्या का लपवाव्या?

गेल्या दिवाळीत पहिल्याच कडबोळ्याने माझी उजवीकडची दाढ हलली. दुखली मुळीच नाही, नुसती हलली. "अहो, दात घासताना रक्त येते म्हणून वर्षभर सांगता आहात," सौभाग्यवती म्हणाल्या, "आता तरी कुणाला दाखवा!" मी मात्र जाहिरात वाचून 'चांगल्या जंतूं'च्या गोळ्या आणल्या आणि त्या चघळत, वर रोज पेलाभर ताक पीत, चार महिने निश्चिंत राहिलो.

जंतू चांगलेही असतात, ही कल्पना काही वेडगळ नव्हे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतला रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ, ज्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे असे मत होते की, बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी होतात ते आंबवलेल्या दुधामुळे. तो स्वतःही ते नेमाने घेई. वारला मात्र एकाहत्तराव्या वर्षी! हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. आजी जन्मभर ताक प्याली आणि शेवटी तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

आणि तोंडातले जंतू तर त्याच्याही फार आधी दिसले होते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६८३ साली आपल्याच दातांवरचे किटण खरवडून भिंगाखाली धरले, तो त्यात जिवंत प्राणी वळवळत होते! हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घाशी, हे विशेष.

हे किटण दात आणि हिरडी यांच्या फटीत साचत गेले की तिथे हवा न सोसणारे जंतू माजतात. त्यांच्याशी लढायला आपल्या शरीराच्या रक्षक पेशी धावतात. हिरडी सुजते, लाल होते, रक्त येते. एवढ्यावर सावरले तर सगळे भरून येते. पण लढाई महिनोन् महिने रेंगाळली, तर त्या धुमश्चक्रीत हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेव येतो आणि दातांच्या मुळांभोवतीचे जबड्याचे हाड झिजू लागते. म्हणजे हाड खातात ते बाहेरचे जंतू नव्हेत, आपलीच माणसे! त्यात विडी-सिगारेट किंवा मधुमेह असला की विचारूच नका.

चांगल्या जंतूंनी इथे वाईटांची जागा अडवावी आणि ही धुमश्चक्री शांत करावी, अशी अपेक्षा. उंदरांवरच्या प्रयोगांत हाडाची झीज त्यामुळे कमी झालेली आढळली आहे. माणसांतही, आईच्या दुधात सापडणाऱ्या 'रॉयटेरी' नावाच्या जंतूमुळे हिरड्यांचे रक्त कमी झाल्याचे स्वीडनमध्ये २००६ साली दिसले. २०१० साली आपल्या शेजारच्या कर्नाटकात, दावणगिरीलाही असाच प्रयोग झाला आणि निष्कर्ष आशादायक निघाला. पण पुढे कुठे गुण आला, कुठे आला नाही. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० साली सगळा पुरावा तपासला आणि दात खरवडून साफ करताना जोडीला या गोळ्या देऊ नयेत, असेच सुचवले. शिवाय हे पाहुणे तोंडात मुक्काम ठोकीत नाहीत. गोळ्या थांबल्या की तेही चालते होतात. आमच्या विरजणातले जंतू तर निराळेच. ताक पोटाला थंडावा देईल, पण दाताच्या मुळाशी घट्ट बसलेले किटण ते काय हलवणार?

हे सारे मला कळले ते चार महिन्यांनी, दंतवैद्यांच्या खुर्चीत. त्यांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरले. दाढेच्या मुळाभोवती पांढरे दिसायला हवे, तिथे निम्म्याहून खाली काळोख होता.

"रक्त येऊ लागले तेव्हाच का नाही आलात?"

"गोळ्या घेत होतो," मी म्हणालो.

"गोळ्या घेतल्यात त्याचे काही नाही. घासायचे का सोडलेत त्या बाजूने?"

ही चोरी त्यांना कशी कळली कोण जाणे! रक्त येते म्हणून मी ती बाजू खरोखरच टाळीत होतो. त्यांनी आधी साखर तपासून आणायला सांगितले, मग दोन खेपांत हिरडीच्या आत खोलवर साफ केले, आणि दातांच्या फटीत घालायचा चिमुकला ब्रश हाती दिला. गेलेले हाड आपोआप परत येत नाही, उरलेले राखायचे, असे ते म्हणाले.

"आणि दाढ?"

"ठेवून पाहू."

यंदाची कडबोळी सौभाग्यवतींनी मोडून, बारीक तुकडे करून माझ्यापुढे ठेवली आहेत. शेजारी ताकाचा पेला आहेच. मी डाव्या बाजूने चावतो आहे.