वसई एक, नावं अनेक

वसई रोडचं तिकीट मोबाइलवर काढताना स्टेशनच्या नावाशेजारी बीएसआर हा कोड दिसतो. त्यात वसईचा 'व' कुठेच नाही. ती अक्षरं 'बॅसीन रोड'ची! इंग्रजांचं हे नाव पाट्यांवरून कधीच उतरलं, रेल्वेच्या संगणकात मात्र ते रोज धावतंय.

या गावाने नावं तरी किती पचवली! पोर्तुगीजांचं बसाईं, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर बाजीपूर, मग बॅसीन. आपल्याला सांगावं लागत नाही की गाव तेच. संगणकाला 'नालासोपारा' आणि 'नाला सोपारा' यांच्यातली एक मोकळी जागासुद्धा पुरते. त्याच्या लेखी ती दोन स्टेशनं. चूक झाली असं तो म्हणतही नाही, निमूटपणे तिकिटांची कमी बेरीज हातात ठेवतो. म्हणून कोड. उलट दादरला नाव एकच, पण मध्य रेल्वेचं डीआर, पश्चिमचं डीडीआर. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, वसई तालुका तिकडे गेला. स्टेशनच्या कोडला त्याचा पत्ताही लागला नाही.

पण खरी मौज डेटाबेसमधल्या रकान्यांच्या नावांत आहे. एका तक्त्यात 'स्टेशन_कोड', दुसऱ्यात 'स्टे_को', तिसऱ्यात नुसतं 'कोड' असेल, तर प्रत्येक जोडणी प्रोग्रामरला हाताने समजावून द्यावी लागते. सगळीकडे 'स्टेशन_कोड' असेल, तर एसक्यूएल या भाषेत 'नॅचरल जॉइन' एवढं म्हटलं की पुरे: सारख्या नावाचे रकाने शोधून दोन तक्ते ती आपणच जुळवते.

आता गंमत बघा. स्टेशनांच्या तक्त्यात 'नाव' आणि जिल्ह्यांच्या तक्त्यातही 'नाव', दुसरा रकाना सामाईक नाही. हीच आज्ञा दिली, तर ठाणे आणि पालघर झकास जुळतात, कारण तिथे स्टेशन आणि जिल्हा नामबंधू. वसई, विरार, नायगाव यादीतून गायब! यंत्राने सांगितलं तेच केलं. रकान्यांना 'स्टेशन_नाव' आणि 'जिल्हा_नाव' म्हटलं असतं, तर निदान नावांची ही चुकीची जुळणी झाली नसती.

शब्द अंडरस्कोरने जोडावेत की सलग लिहावेत, यावर प्रोग्रामर तासन्‌तास भांडतात. माझ्या मते दोन्ही चालतील. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही मात्र चालणार नाहीत.