पोलिसांची चूक आणि भरपाईचा भार

सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरचे एक सराफ मेरठला आले असता पोलिसांनी चोरीच्या मालाच्या संशयावरून त्यांना ताब्यात घेतले. त्यांच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने आणि चांदी जप्त झाली. सुटकेनंतर चांदी परत मिळाली. सोने मात्र मुद्देमाल सांभाळणारा हेड कॉन्स्टेबलच घेऊन पाकिस्तानात पळाला होता. 'कस्तुरीलाल' या नावाने परिचित असलेल्या या खटल्यात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या पीठाने पोलिसांचा हलगर्जीपणा मान्य केला. तथापि, अटक व जप्ती ही सार्वभौम कार्ये असल्याने राज्य भरपाईस बांधील नाही, असा निर्णय दिला. ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळाने कायदा करावा, असेही न्यायालयाने सुचविले. तसा सर्वंकष कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.

वाट निघाली ती राज्यघटनेच्या कलम २१ मधून. निर्दोष ठरूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदल शाह यांना १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३२ अन्वये भरपाई दिली. ओडिशातील कोठडीमृत्यूच्या नीलाबती बेहरा खटल्यात (१९९३) दीड लाख रुपये मंजूर करताना, मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही, हे तत्त्व स्पष्ट झाले. डी. के. बसू निकालाने (१९९६) अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना सूचना व दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे बंधन तर कलम २२ मध्येच आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे सुरू होतो. भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांकडून जाते. दोषी अधिकाऱ्याकडून ती वसूल करण्याचा राज्याचा हक्क बसू निकालात मान्य आहे. पण हा हक्क वापरलाच गेला नाही, तर गैरवर्तनाची किंमत करणाऱ्याला जवळपास शून्यच पडते. मग जरब बसावी कशी?

उरतो फौजदारी मार्ग. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी शासनाची पूर्वमंजुरी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असे मानले जाते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र विलंब केवळ मंजुरीतच होतो असे नाही. मुंबईतील लखनभैया चकमक नोव्हेंबर २००६ मधील; पोलिसांना दोषी ठरविणारा सत्र न्यायालयाचा निकाल २०१३ चा आणि त्यावरील उच्च न्यायालयाचा मार्च २०२४ चा.