कोयता हातात का येतो?

मागच्या रविवारी रोह्याला बोललो तेव्हा एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवली होती : "सर, तत्त्वज्ञान पुरे, पुण्यातल्या कोयता गँगचं काय करायचं ते सांगा." चिठ्ठी वाचली, हशा झाला. पण सभा संपल्यावर एक बाई दाराशी थांबल्या होत्या. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा पुण्याला मामाकडे शिकायला होता आणि गाड्यांच्या तोडफोडीत पकडला गेला. त्यांना विचारूनच हे सांगतो आहे, गाव सांगत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, त्याला घरी आणू का?" मला तिथे उत्तर देता आलं नाही. म्हणून आज पेणला तिथूनच सुरुवात करतो.

कोयता ही आपल्या घरातली वस्तू. शहाळं फोडायला, राबासाठी कवळ तोडायला. ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादम त्या हिशेबाने उचल देतो. म्हणजे कोयता हे कष्टाचं माप होतं. तोच २०२२ च्या डिसेंबरात सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात पोरांच्या हातात नाचताना सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. मग कोयते विकणाऱ्या दुकानदारांवर नजर ठेवणं वगैरे उपाय झाले. ते चूक नाहीत. पण पोराला कोयता का लागतो, हा प्रश्न दुकानात सुटणारा नाही.

या पोरांची कृत्यं बघा. रात्री वस्तीतल्या उभ्या रिक्षा आणि दुचाकी फोडायच्या. वाढदिवसाचा केक कोयत्याने कापायचा आणि स्टेटस टाकायचं. यात पैसा कुठे आहे? रिक्षा फोडून काय मिळतं? आणि फुटते कोणाची, तर हप्ते भरणाऱ्या शेजाऱ्याची! चोर अंधार शोधतो, हे पोरगं कॅमेरा शोधतं. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये मनाचे तीन भाग सांगितले : विवेक, वासना आणि तिसरा 'थुमॉस', म्हणजे ज्याला मान हवा असतो, अपमान सोसत नाही, तो भाग. आपण गुन्ह्याचा विचार करताना वासनेचा, लोभाचा विचार करतो. माझं म्हणणं, ही हिंसा बहुतांशी या तिसऱ्या भागाची आहे. शाळेत, घरात, कामावर जो कुणाच्या खिजगणतीत नाही, तो 'भाई' नावाच्या माणसाच्या मोजणीत येतो.

हे पटलं तर आपले काही लाडके उपाय उलटे दिसू लागतात. पोरांना पकडून त्याच वस्तीतून धिंड काढतात, आपण टाळ्या वाजवतो. त्या धिंडीचंही रील होतं, मंडळी! २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या तळोजा तुरुंगातून एक टोळीप्रमुख सुटला आणि शेकडो गाड्यांचा ताफा द्रुतगती मार्गाने पुण्याला गेला. नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं जाणं हाच या धंद्यातला पगार आहे. गुन्हे दाखल झाले, पण तोवर पोरांनी व्हिडिओ पाहून झाले होते.

कायद्याबद्दल थोडं. "अल्पवयीन म्हणून सुटतात" असं सर्रास म्हटलं जातं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने किमान ७ वर्षं शिक्षेचा गंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासून प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी प्रकरण पुढे पाठवू शकतं. त्याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. पहिल्या तरतुदीवर चॅनेलवाले तासन्‌तास बोलतात. दुसरी मात्र इथे किती जणांनी ऐकली होती? हात वर करा. ... दोन. बरं.

आता ग्लासगो. स्कॉटलंडचं हे शहर टोळ्या आणि चाकूहल्ल्यांसाठी बदनाम होतं. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनीच एक वेगळा विभाग काढला आणि हिंसा ही साथीच्या रोगासारखी हाताळायची ठरवलं. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयात बोलावलं, पण खटल्यासाठी नाही. पोलीस अधिकाऱ्याने बजावलं : तुमच्यातल्या एकाने वार केला तर आम्ही अख्ख्या टोळीच्या मागे लागू. जखमा शिवणारे डॉक्टर बोलले, मुलगा गमावलेली आई बोलली. आणि शेवटी एक फोन नंबर दिला : बाहेर पडायचं असेल तर इथे फोन करा, शिक्षण, काम, जे लागेल ते बघू. पुढच्या काही वर्षांत स्कॉटलंडमधले खून निम्म्यावर आले. सगळं श्रेय या एका गोष्टीला देऊ नये. पण धाक आणि दार, दोन्ही एकाच खोलीत होते, हे लक्षात घ्या. आपल्याकडे धाक आहे. दार कुठे आहे?

ते पोलीस ठाण्यात मिळणार नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगाव कबड्डीचे संघ आहेत. त्यात बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण संघातच असतो. आपल्याने समोरचा गडी मारला की तो जिवंत होऊन परत आत येतो. गोविंदा पथक घ्या, खालच्या थरातल्या पोराचा चेहरा कुणाला दिसत नाही, पण तो हलला तर सगळे कोसळतात, हे त्याला पक्कं माहीत असतं. तो मोजला गेलेला असतो.

त्या बाईंना मी दोन दिवसांनी फोन केला. म्हटलं, ताई, आणा. पण लपवायला आणू नका, मंडळाची प्रत्येक तारीख पाळा. आणि ज्याची रिक्षा फुटली त्याच्याकडे वडिलांनी मुलाला घेऊन जावं, भरपाईचं बोलावं, मात्र वकिलाला विचारून. मुलगा आता आलाय. हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या एका कारखान्यात पॉलिशचं काम शिकतोय. संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा असतो.

त्या संघाच्या कप्तानाला मी विचारलं, घेशील का रे त्याला? तो म्हणाला, "सर, मी घेईन, पण बाकीच्या पोरांचे आईवडील त्यांना पाठवायचे नाहीत." त्याचंही खोटं नाही. मंगळवारी संध्याकाळी त्या पालकांकडे जायचं ठरलंय. तुमच्यापैकी कुणी बरोबर येणार असेल तर आत्ता खाली भेटा.