कृषी पदवी आणि गावातील नवे काम

शेतकऱ्याचा मुलगा अगर मुलगी कृषी पदवीधर झाली म्हणजे आता सरकारी नोकरी लागेल, अशी घरच्यांची अपेक्षा असते. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात उमेदीची आणखी काही वर्षे निघून जातात. दुसरीकडे, ज्ञानाची जोड लागणारे कितीतरी काम गावात पडून असते. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा खरा प्रश्न होय.

राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली, त्या काळी धान्योत्पादन वाढविणे निकडीचे होते. सुधारित बियाणे व खते यांचा प्रसार करणारी माणसे हवी होती. आज ती गरज संपलेली नाही, पण तिच्यात नवी भर पडली आहे.

द्राक्षांचेच उदाहरण घ्या. २०१० साली युरोपात पाठविलेली भारतीय द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे नाकारली गेली व बागायतदारांस मोठी झळ बसली. म्हणजे नुसते पीक चांगले येऊन भागत नाही. कोणते औषध केव्हा फवारले व काढणीपूर्वी किती दिवस थांबावयाचे, याची चोख नोंद ठेवणारा जाणकार हवा. तसेच शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब, प्रतवारी व विक्रीचे करार सांभाळणारी माणसे हवीत.

अभ्यासक्रमही पालटत आहे. २०१५ पासून ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमात प्रत्यक्ष अनुभवावर भर आहे. नव्या शैक्षणिक धोरणास अनुसरून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेण्याची सोयही योजिलेली आहे. परंतु कागदावरील बदल गावात उतरला पाहिजे. कृषिदूत व कृषिकन्या गावी येतात, तेव्हा बीजप्रक्रियेचे एक प्रात्यक्षिक व छायाचित्र एवढ्यावरच काम आटोपू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. विद्यार्थी येताच गावातील खरी अडचण त्यांच्यापुढे मांडावी.

२. दोन-चार शेतांची फवारणी-नोंदवही व पिकाचा जमाखर्च त्यांच्याकडून लिहवून घ्यावा.

३. गावात उत्पादक कंपनी असल्यास तिच्या खरेदी-विक्रीच्या कामात त्यांना सामील करून घ्यावे.

४. मुक्काम संपताना, विद्यार्थ्यांना काय येत होते व कशात ते कमी पडले, हे महाविद्यालयास लेखी कळवावे.

यांतील चौथी गोष्ट बहुधा राहून जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. शेतात काय अडते, हे शेतकऱ्याने सांगितल्यावाचून महाविद्यालयाला कळणार कसे? आपल्याच मुलांच्या शिक्षणाला योग्य वळण लावण्याचे हे काम आहे. यंदा विद्यार्थी गावी येतील तेव्हापासूनच त्यास आरंभ करावा.